शूपिंगचं परदेशी नाव

यानताई या बंदराच्या शहरात लुआन म्हाताऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर जाड काच होती आणि काचेखाली अमेरिकन वर्तमानपत्राची कात्रणं. मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस. त्याला त्यातलं अक्षरही वाचता येत नसे. पण शेजारचा हान बुद्धिबळाला आला की त्याचा चहा बाजूला सारून म्हातारा ठरलेल्या जागी बोट ठेवी. "हे बघ, आमच्या पिंगचं परदेशी नाव."

ते नाव पिंगचं नव्हतंच.

म्हाताऱ्याची लेक शूपिंग बीजिंगला, त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, 'सहायक' होती. चिनी माणसाने परदेशी वर्तमानपत्राची बातमीदारी करायची नाही, फक्त मदत करायची, असा नियम. आता मदत म्हणजे काय? खाणीत माणसं गाडली गेली की गावातली विधवा शोधायची, तिच्या खाटेवर बसून तिला बोलतं करायचं, बाहेरच्या पोलिसाला गोड बोलून वाटेला लावायचं. साहेबाने शेजारी बसून मान डोलवायची. बातमीवर नाव साहेबाचं. साहेब वाईट नसत, चांगलेच असत. आणि तीन-चार वर्षांत मायदेशी निघून जात. निरोपाला मिठ्या व्हायच्या, डोळे पुसले जायचे आणि मग शूपिंग नव्या साहेबाला बीजिंगचा रस्ता ओलांडायला शिकवी.

लग्न राहून गेलं. परदेश्यांकडे काम करते म्हणून मैत्रिणी जपून बोलत. सरकारी माणूस तिला अधूनमधून चहाला, म्हणजे चौकशीला, बोलावतो हे ठाऊक असल्याने साहेबलोकही जपूनच बोलत. एवढ्या मोठ्या शहरात मन मोकळं करावं असं तिला कुणी नव्हतं.

पहिलं कात्रण तिने नववर्षाला घरी नेलं, तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "यात तुझं नाव कुठंय?" म्हातारा इतक्या आशेने बघत होता की तिला खरं बोलवेना. तिने 'जॉन पाइक'वर बोट ठेवलं. पुढे ग्रेगरी हॉलस्टेड आला आणि म्हाताऱ्याने लगेच पकडलं.

"नाव लांबलं गं?"

"बढती मिळाली, बाबा."

म्हाताऱ्याने गल्लीभर खजुराचे वाफवलेले पाव वाटले.

मग दोन हजार वीस उजाडलं. अमेरिकेने तिकडच्या चिनी बातमीदारांची संख्या छाटली, उत्तरादाखल चीनने इथल्या अमेरिकन बातमीदारांना बाहेरचा रस्ता दाखवला. ग्रेगरीने बॅगा भरल्या. शूपिंगचं ओळखपत्रही गेलं. साथीचे दिवस, त्यामुळे या खेपेला मिठीसुद्धा झाली नाही.

विमानतळावरून त्याचा फोन आला. "तो यानताईचा लेख सगळा तुझा आहे. तुझ्याच नावाने छापू. संपादक तयार आहेत, संध्याकाळपर्यंत कळव."

परदेशी मागणी आटल्यावर गावाकडच्या कारखान्यांचं काय झालं, यावरचा तो लेख. रिकाम्या कचेरीत बसून तिने लेखाच्या माथ्यावर आपलं नाव टाइप केलं आणि बघत राहिली. तिला ते फार आवडलं. पण भावाचा मुलगा काई जकात खात्याची परीक्षा पास झाला होता आणि आता घरादाराची सरकारी चौकशी तेवढी उरली होती. त्या चौकशीत आत्याही येते. कळवायची वेळ जवळ येत चालली, तरी तिचा हात पुढे सरेना.

तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"पिंग, जेवलीस?"

"जेवले," ती म्हणाली. जेवली नव्हती.

"मोबाइलवर तुझं नाव आलंय. देशाबाहेर घालवलेल्यांत. खाली तुझं नाव, वर एक दाढीवाला."

शूपिंगने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काईला विचारलं. म्हणतो, आजोबा, नाव त्या दाढीवाल्याचंच आहे."

"बाबा, रागावलात?"

"रागावू नको तर काय करू! इतकी वर्षं त्या हानपुढे बोट नाचवलं मी! थंडीवाऱ्यात फिरायचीस तू, लोकांची रडगाणी ऐकायचीस तू, आणि नाव ह्या बोकडाचं?"

तिला हसू आलं आणि रडूही. आपल्या बाजूने कुणी असं भांडल्याला किती काळ लोटला होता! "बाबा, ते म्हणताहेत, हा शेवटचा लेख तुझ्या नावाने छापतो."

"मग विचार कसला करतेस? छाप म्हणावं! ठळक छाप म्हणावं! मी काचेखालची सगळी रद्दी काढून टाकतो, तुझं एकटीचं ठेवतो."

त्यांच्यामागून काईची हाक आली, "आजोबा, नूडल्स गार होताहेत!" "आलो," म्हातारा तिकडे म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणला.

"पिंग, त्याची ती चौकशी... आत्याचंही बघतात का गं?"

"बघतात, बाबा."

"हं."

ती थांबली. काय येणार ते तिला कळलं होतं, तरी ती थांबली.

"तसा तो दाढीवाला बरा दिसतो," म्हातारा म्हणाला. "त्याचंच राहू दे. मला ते ओळखता तरी येतं."

"मी मघाशीच नको म्हणून कळवलंय, बाबा," शूपिंग म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या."

पडद्यावर तिचं नाव अजून तसंच होतं.