सुतकात लागलेला चित्रपट

अंतराळयानाचे ते जुने चित्रपट पुन्हा सुरू होणार, इतक्या वर्षांनी नवा भाग येणार, ही बातमी मी यवतमाळच्या घरी भाजी चिरता चिरता वाचली आणि लगेच पुण्याला भावाला फोन लावला. ते चित्रपट आम्हा दोघांचे होते. कळंबजवळच्या आमच्या गावात ते हिंदीत बोलत केबलवर यायचे, आणि शेवट जवळ आला की हमखास लोडशेडिंग व्हायचं. मग शेवट आम्हीच करायचो. भाव वाढेल या आशेनं बाबा कापूस घरातच भरून ठेवायचे. खोलीतल्या त्या ढिगावर माळ्यावरून उडी मारली की आमचं यान चंद्रावर उतरलं. अंग खाजून लाल व्हायचं, आईच्या शिव्या पडायच्या, तरी पुन्हा उतरायचो. मी कप्तान, तो वर्षानं लहान, म्हणून कायम इंजिनवाला.

शेवटचा भाग आला तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. त्यात कप्तान हरवतो आणि यान त्याच्याशिवायच परततं. पुढे काही आलंच नाही. कधी आलं तर दोघांनी सोबत पाहायचं, असं आम्ही तेव्हा ठरवलं. त्याची बायको, माझा नवरा, कोणाची पोरं, यातलं कोणीच जिथे नाही असं आमच्यात तेवढंच उरलं होतं.

नवा भाग लागला त्याच आठवड्यात भाऊ सुट्टीवर गावी आला. यवतमाळात दिवसाला एकच खेळ, आणि तोही आठवडाभर टिकला तर नशीब. मी रविवारची दोन तिकिटं काढली. नवऱ्याला विचारलंही नाही; तो जाहिरातींतच घोरायला लागतो. शनिवारी सकाळी मारेगावहून निरोप आला की भाऊकीतले एक चुलत आजोबा गेले. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही, भावानंही नाही. बाबांचं आणि त्यांचं बोलणंसुद्धा कधीचं बंद होतं. पण दहा दिवसांचं सुतक मात्र सगळ्या घराला, आणि भावाची सुट्टी त्याआधीच संपणार. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले.

रविवारी सकाळीच एसटीनं गाव गाठलं. बाबा ओसरीवर बसले होते. यात नाचगाणं नाही, अंधारात गप बसून यायचं आहे, कोणाला कळणार आहे, असं सगळं सांगून पाहिलं. सुतकात शिनेमा पाह्यते का कोनी, एवढंच ते म्हणाले. वर माझी समजूत काढली.

"तुले कायचं सुतक? तू आता त्या घरची. तू जाय ना जावाईबापूसंग."

हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की मला भांडताही येईना.

मागच्या अंगणात मी भावाला गाठलं. माझा बेत तयार होता: पोटात दुखतं म्हणायचं, आणि मी त्याला यवतमाळला डॉक्टरकडे नेते म्हणून निघायचं. तो ऐकत होता आणि नखानं भिंतीचा रंग खरवडत होता. एवढा बाप्या झाला तरी बाबांना भितो, म्हणून मी त्याच्यावरही चिडले.

"ताई, मी पाह्यला तो," तो म्हणाला. "पुण्यातच. पोराईनं लय जिद केली. लागला त्याच दिवशी गेलतो."

मी विचारलं, तिकिटं काढली तेव्हा का नाही सांगितलंस, आणि आज काय करणार होतास.

"तुह्यासंग आलो असतो. काही बोललो नसतो."

म्हणजे कप्तान सापडतो की नाही हे ठाऊक असून तो माझ्याशेजारी बसणार होता, आणि मी दचकले की तोही दचकणार होता. मला कधी कळलंही नसतं. मी खुशीत घरी गेले असते. त्याचंच मला जास्त लागलं. चाल, अजून वेळ आहे, करू पोटदुखीचं सोंग, असं आता तोच म्हणायला लागला. पण मला तो चित्रपट नुसता पाहायचा नव्हता. आम्हा दोघांनाही पुढचं ठाऊक नसताना, त्याच्यासोबत पाहायचा होता.

मी निघाले तेव्हा बाबा ओसरीवरच होते. तिकीट कायले वाया घालतं, तू तरी जाय, असं त्यांनी पुन्हा सांगितलं.

"मलेही सुतक हाये, बाबा," मी म्हणाले, आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.