सुनेचं प्रोटीन अन् गल्लीच्या वाट्या

नागपूरच्या डॉक्टरनं माझ्या सुनेचं पोट कापून लहान केलं, अन् त्याचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला.

शालू, म्हणजे माझी सून, फार जाड झाली होती. दोन पायऱ्या चढली की दम लागायचा, म्हणून ऑपरेशन. पोट राहिलं लिंबाएवढं! पातळ खाण्याचे दिवस संपले, तेव्हा डाएटवाल्या मॅडमनं बजावलं, "आधी प्रोटीन, मग बाकीचं. प्रोटीन कमी पडलं तर केस जातील, ताकद जाईल, पुन्हा भरती व्हावं लागेल." पोरगा ट्रकवर. आमची बुढी, म्हणजे शालूची सासू, मागच्या उन्हाळ्यात गेली. मग घरात राहिलं कोण? मी! चौथी नापास, अन् भातापलीकडे काही न येणारा.

पावडरीच्या डब्याचं झाकण उघडलं की शालू ओकायची. भिंत धरून चालायची. मी घाबरलो. या घरातून एक बाई गेली तेवढं पुरे होतं. शेजारच्या पारबताबाईला विचारलं, "अवो, प्रोटीन कायच्यात रायते?"

"अंड्यात, डाळीत, मच्छीत. काऊन, तुमाले काय झालं?"

"मले नाही वो, सुनेले पायजे!"

इथंच चुकलो. पारबताबाईला सांगणं म्हणजे कामठ्याच्या बाजारात भोंगा लावणं. सांजेपर्यंत गल्लीतून वाट्या यायला लागल्या. उकडलेली अंडी, लाखोरीच्या डाळीचं वरण, तळ्यातली मच्छी, चण्याची उसळ! शालूनं दोन चमचे खाल्ले अन् लग्नाची पंगत उठल्यासारखा हात धुतला.

"झालं, मामाजी."

"झालं? अवो, मांजर यापेक्षा जास्त सांडते!"

"पोटात जागाच नाही, तर टाकू कुठं?"

उरलेलं फेकायचं कसं? मी खाल्लं. आता वाट्या परत करायच्या. आमच्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी पाठवत नाहीत. बुढीनं जन्मभर पाठवली नाही, मग मी कशी पाठवू? मी चणे उकडून वाट्या भरल्या अन् घरोघरी देऊन आलो. लोकांना वाटलं, बुढ्याला वाट्या कमी पडून राहिल्या! दुसऱ्या दिवशी मोठ्या वाट्या आल्या. मी त्याही खाल्ल्या अन् भरून पाठवल्या. तिसऱ्या दिवशी तर गंजच आले, पातेल्याएवढे!

मग मी हुशारी केली. एका कढईत अंड्याची भुर्जी, दुसऱ्या कढईत पनीरची. अंड्याची पारबताबाईला, पनीरची टेंभरेबुवांना. (बुवांच्या गळ्यात माळ. लसणाचा वास आला तरी ते रस्ता बदलतात.) दोन्हींत हळद, दोन्ही पिवळ्या, अन् माझा चष्मा खाटेवर!

थोड्या वेळानं बुवा वाटी हातभर लांब धरून दारात उभे.

"काय चारलं बे मले?"

"पनीर आहे, बुवा."

"पनीर? पारबताबाई सांगून राहिली का अंडं होय! अर्धी वाटी खाल्ली मी!"

मी हात जोडले. "वास नाही आला काय, बुवा?"

"आला ना! चांगला आला, म्हणून तर खाल्ली!" बुवा ओरडले. "चव वाईट असती तर पहिलाच घास थुंकला असता! आता माळेले काय सांगू?"

सगळी गल्ली दारात जमली. तेवढ्यात आतून शालू आली. भिंत न धरता! म्हणाली, "बुवाजी, शिव्या मले द्या. खटाटोप माझ्या पोटासाठी आहे." अन् बुवांच्या हातातली वाटी घेऊन ती उंबऱ्यावर बसली. एक घास घेतला. चावला. चावत राहिली. गिळला, थांबली, मग दुसरा घेतला.

मी आमच्या बुढीला पोटभर जेवताना कधी पाहिलं नाही. ती सगळ्यांच्या मागून, चुलीकडे तोंड करून जेवायची. इथं ही पोरगी साऱ्या गल्लीसमोर जेवत होती, अन् एकेक घास असा चावत होती, जसा कोणी देवाची मूर्ती घडवून राहिला! बुवा भांडण विसरून तिच्या जबड्याकडे पाहत होते.

"हळू, बेटा," बुवाच म्हणाले. "घाई नको करू."

वाटी संपली! ओकारी नाही, काही नाही. पारबताबाईनं पदर डोळ्याला लावला. माझेही डोळे भरले, पण मी म्हटलं कांद्यानं.

तेव्हापासून शालू रोज तशीच उंबऱ्यावर बसून, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायला लागली. उरलेलं अर्थातच मी.

काही महिन्यांनी तपासणीसाठी नागपूरला गेलो. डॉक्टर नवे होते. शालू ताठ चालत आत गेली, मी मागून धापा टाकत. डॉक्टरनं आम्हा दोघांना वरून खालपर्यंत पाहिलं अन् खुर्ची माझ्यापुढे सरकवली. "बसा, काका. घाबरू नका. पोट लहान करायचं ऑपरेशन एकदम सोपं असतं!"