पूजेतली पेटी

आमच्या घरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेत पाटावर मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत उचलत नाहीत. वडील रंगारी होते. कापडावर छापायचे त्यांचे लाकडी ठसे त्या दिवशी पाटावर मांडले जात. छपाई बंद पडली, मी कचेरीत लागलो, तरी ठसे मांडले जातात. शेजारी माझी घरगुती दुरुस्तीची हत्यारे. हा नियम मी घरात सक्तीने पाळायला लावला.

त्या वर्षी पत्नीने पाटालगतच्या टीव्हीखालील पेटीचीही पूजा केली.

पेटी म्हणजे मुलाचा जुना गेम कन्सोल. तो परदेशी गेल्यापासून माळ्यावर पडून होता. पत्नीला पक्षाघात झाला आणि उजवा हात लुळा पडला, तेव्हा फिजिओथेरपीच्या बाईंनी तो खाली काढायला लावला. रिमोट धरून हात झुलवला की पडद्यावरचा चेंडू घरंगळत जाऊन खुंट्या पाडतो. व्यायामाला कंटाळणारी पत्नी या खेळाला कंटाळली नाही. हात छातीपर्यंत उठू लागला. बाईंनी मला बाजूला घेऊन बजावले होते, की खंड पडू देऊ नका. हात आखडला तर पुन्हा सुटेल याची खात्री नाही.

पूजेच्या दुपारी तिने बटण दाबले. दिवा लागला नाही. पुन्हा दाबले. मग रिमोट मांडीवर ठेवून तिने हात पदराखाली घेतला. आजाराच्या सुरुवातीस ती हात असाच झाकून बसे.

सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहिला, तो लागला. वायर दोन्ही टोकांना दाबून बसवली. मुलाला फोन केला. आत शॉर्ट झाले तर अडॅप्टर आपोआप बंद होतो, तो काढून थोडा वेळ ठेवा आणि पुन्हा लावा, असे त्याने सांगितले. तसे केले, फरक पडला नाही. हे मॉडेल आता मिळत नाही, असेही तो म्हणाला होता. दुरुस्तीच्या दुकानातली हत्यारेही पूजेत होती. उद्या दसऱ्याची मिरवणूक होऊन रस्ते मोकळे झाले की या, असे उत्तर मिळाले.

शेवटी पेटी उचलली. फटीतून लाल पाणी माझ्या मनगटावर ओघळले. कुंकवाचे पाणी. मी प्लग ओढून काढला. तिने बटण दाबले तेव्हा पेटीत पाणी होते आणि वीज चालू होती.

“पाणी कोणी शिंपडलं?” माझा आवाज चढला होता.

आजारानंतर तिला बाहेर बोलायचे कन्नड शब्द आधी सापडत, घरातले मराठी मागून. “नाने,” ती म्हणाली. “मीच. ह्या हातानं.”

मी दारात दृष्टीचा कोहळा फोडत असताना तिने पळी उजव्या हाताने उचलली होती. पाणी कुठे पडले ते तिला कळले नव्हते.

पेटी उघडून वाळवायला हवी होती. बारीक स्क्रूड्रायव्हर ठशांशेजारी होते, कुंकू लावलेले. मी पाटाकडे पाहत उभा राहिलो. देवाची भीती वाटली नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. वर्षभर आजारपण सोसलेल्या घरात नियम मोडण्याचा धीर होत नव्हता.

“जन्मभर आम्हाला धाक घातलात,” ती सावकाश म्हणाली. “आता तुम्हीच भ्यालात की.”

ती वाकली. उजव्या हाताने तिने एक स्क्रूड्रायव्हर उचलला. तो अर्ध्या वाटेत तिच्या बोटांतून निसटला. खाली पडलेला मी घेतला.

पेटी उघडली, कापसाने टिपली, पंख्यासमोर ठेवली.

दुसऱ्या दिवशी शेजारी मिरवणुकीतले हत्ती पाहायला गेले होते. गल्लीत कोणी नव्हते. काही झाले तर हाकेला कोण येणार, हा विचार डोक्यातून जात नव्हता. पेटी जोडून मी बटणाकडे हात नेला.

“बेड,” ती म्हणाली. म्हणजे नको. “मी दाबते.”

मी तिला रबरी चपला घालायला सांगितले.

“चपला? पाटासमोर?”

“घाल.”

तिने घातल्या. मी भिंतीवरच्या स्विचवर बोट ठेवून उभा राहिलो. तिने बटण दाबले. हिरवा दिवा लागला. पदराखालचा उजवा हात बाहेर आला आणि चेंडू घरंगळला. खुंट्या पडल्या की नाही, मी पाहिले नाही. तिचा डाव संपेपर्यंत मी स्विचवरचे बोट काढले नाही.