लूमच्या खडखडाटात सांगितलेली गोष्ट

आवाज गेला. टीव्हीवर माझ्या सुनेने, रेखाने लिहिलेली फिल्म चालू होती, बायका तोंडं हलवत होत्या आणि ऐकू काहीच येत नव्हतं. डिंडोलीतल्या आमच्या लूम कारागिरांच्या सोसायटीचा गणपतीचा मंडप माणसांनी भरलेला. लग्नांचं शूटिंग करणारा कॅमेरावाला वायरी हलवून थकला. माझ्या मुलाने रेखाला आधीच बजावलं होतं, "लोक उठून गेले तर हे लिहिणं बंद. गपचूप साड्यांना टिक्की लावायची."

"बंद करा," रेखा म्हणाली.

शेजारचे आप्पा टीव्हीमागून हलले नाहीत. "आवाज गया ते जाऊ दे. लोके बसेल शेतस ना?" लोक अजून बसलेलेच होते.

आप्पा अमळनेरकडचे, कापडाचे लूम चालवून अर्धे बहिरे झालेले. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कानात ओरडलं तरी कळत नाही. कारागीर हातांनी आणि ओठांनी बोलतात, शिव्यांपासून सोयरिकीपर्यंत सगळं. आप्पा घरीही तसेच बोलायचे. गणपतीतलं नाटक दरवर्षी आप्पाच बसवायचे. त्या वर्षी नाटकाऐवजी फिल्म करायची ठरली, आणि लिहिते म्हणाली रेखा.

तिची गोष्ट दोन जावांची. एकाच खोलीत राहतात, एकमेकींशी बोलत नाहीत, धाकटीचे दिवस भरलेले आणि घरात टेबल फॅन एकच, तो मोठीच्या ताब्यात. शेवटी मोठीचं मन पाघळतं. तिथे रेखाने दोन पानं भाषण लिहिलं होतं.

आप्पांनी कागद माझ्या हातात दिले. "वहिनी, मोठ्यानं वाचा."

मी चौथी शिकलेली. पहिल्याच वाक्यात अडखळले.

"वहिनी अडखळनी का काढ," त्यांनी रेखाला सांगितलं. अडखळले तिथलं वाक्य काढत काढत पान निम्मं झालं. मला राग आला, पण जे गेलं ते भरताडच होतं.

रिकाम्या हाताने कोणी बोलत नाही, हे त्यांचं दुसरं म्हणणं. त्यांनी रेखाला विचारलं, "नवरासंगे भांडनी तव्हय काय करी राहिंथी?"

"भाकरी थापत होते."

"मंग तिले भी भाकरी दे."

पाहुणा येतो, चपला काढतो, पाणी पितो, हे सगळं त्यांनी खोडायला लावलं, प्रसंग थेट भांडणापासून सुरू. "भांडन लागनं का मंग दार उघाड."

शेवटचं भाषण मात्र रेखा सोडेना. मग आप्पा तिला खात्यात घेऊन गेले, मलाही नेलं. लूम चालू होते. मोठी काय म्हणते ते सांग, असं त्यांनी हातानेच विचारलं. रेखा ओरडली. आप्पांनी नकारार्थी मान हलवली. ती पुन्हा ओरडली, घसा बसला. शेवटी चिडून तिने हवेतच फॅन धरल्यासारखं केलं आणि त्याचं तोंड दुसरीकडे फिरवलं. आप्पा हसले. घरी येऊन तिने दोन्ही पानं फाडली.

आता तोच फॅन मुक्या टीव्हीवर यायचा होता.

कोणी उठलं नाही. समोर सगळी लूमची माणसं. त्यांचं आवाजावाचून काय अडणार होतं? ओठ बघून ती एकमेकांना सांगू लागली. "धाकटी म्हणते, पाणी मीच भरलं."

"खोटारडी आहे."

आमची गुजराती शेजारीण "शुं कह्युं, शुं कह्युं" करत काय म्हणाली ते विचारत होती. तिला तीन बायका एकदम समजावत होत्या.

मोठी उठली. तिने फॅनचं तोंड धाकटीकडे फिरवलं. पुढे बसलेल्या एका बाईने डोळे पुसले आणि म्हणाली, "आली एकदाची अक्कल मेलीला." मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो आप्पांनाही ऐकू आला.

लोकांनी फिल्म परत लावायला लावली. तोवर वायर जुळली होती. "आवाज बारीक ठेवा, आम्हाला बोलता येत नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

रेखा आप्पांच्या पाया पडायला वाकली. ते म्हणाले, "एक पाहुना आजूनबी पानी पिस. काढ."

दुसऱ्या दिवशी मुलाने चहा पिता पिता तिला विचारलं, "पुढची कशावर?"

रेखाने पुढे बरंच लिहिलं. पहिलं वाचन माझंच, आणि अडखळले की ती काढते.

त्या दिवशी टीव्हीमागे आम्ही तिघं उभे होतो. आप्पा आता नाहीत. रेखा आणि मी आहोत.