तुमचं होऊ द्या, मी बसते

"तुमचं होऊ द्या, मी बसते." कुठल्याही सरकारी कचेरीत बाईंचं पहिलं वाक्य हेच. म्हणता म्हणता हातातलं लाल प्लास्टिकचं बुटकं स्टूल, हो, आपण आंघोळीला घेतो तसलंच, त्या साहेबांच्या टेबलासमोर ठेवायच्या आणि ऐसपैस बसायच्या. साहेब फोनवर असोत, चहा पीत असोत, बाईंना घाई नसे. घाई मग साहेबांनाच व्हायची.

नालासोपाऱ्यातला आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि बाई नगरसेविका झाल्या. जुन्या गावातल्या वाडीवाल्या घरातल्या, केळी आणि भाजी विकणाऱ्या. सगळ्यांना वाटलं, सह्या बाईंच्या आणि कारभार नवऱ्याचा. तसं चालताना तुम्हीही पाहिलं असेल. पहिल्या सभेला नवरा कडक इस्त्री करून बरोबर निघाला, तर बाईंनी त्याला केळीचे घड घेऊन बाजारात पाठवलं. कचेरीत मात्र त्यांना कोणी खुर्ची देईना, म्हणून घरून स्टूल आलं. पुढे खुर्च्या मिळू लागल्या तरी ते सुटलं नाही. खुर्ची त्यांची, बाई म्हणायच्या, कवापन ओढून घेतील.

आमच्या कॉलनीतून स्टेशनकडे जायला धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात आम्ही चपला हातात घेऊन निघायचो. बाई त्या स्टुलावर इतके महिने बसल्या की शेवटी रस्ता झालाच. उंच भराव घातलेला, गुळगुळीत डांबरी. कडेला कोनशिला आणि तिच्यावर बाईंचं नाव. येता-जाता त्या ती पदराने पुसायच्या. मी एकदा चिडवलं, ताई, देवाचा फोटोही एवढा पुसत नसाल. तर म्हणाल्या, देव काय निवडनुकीला उभा हाय?

आणि मग जुलैतला तो पाऊस आला. त्याचं वर्णन करत बसत नाही, ज्यांनी भोगला त्यांना ठाऊक आहे. पाऊस थांबला, ऊनही पडलं, पण पाणी हलेना. आमच्या तळमजल्याच्या घरात कमरेएवढं पाणी. सासूबाईंना वरच्या शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. त्या गॅलरीतून दिवसभर आमच्या दाराकडे बघत बसायच्या. मागच्या चाळींत तर लोक पत्र्यांवर जाऊन बसले होते. कारण सगळ्यांना दिसत होतं. ज्या नाल्याने पाणी खाडीला जायचं, त्याच्यावरच आमचा लाडका रस्ता बसला होता आणि खालचे पाईप गाळाने बुजले होते. रस्ता फोडला तर पाणी जाणार. पण फोडायचा कोणी? नगरपालिका म्हणे बांधकाम खात्याला विचारा, बांधकाम खातं म्हणे तहसीलदारांना, आणि तहसीलदार म्हणे वरून आदेश हवा. बाई तिन्हीकडे बसून आल्या. पाणी होतं तिथेच होतं.

अशात मंत्री पाहणीला येणार असं कळलं. गाड्या येणार त्या आमच्याच रस्त्याने, कारण तेवढाच कोरडा होता. बाईंनी बरोबर मधोमध स्टूल ठेवलं, उन्हाला छत्री उघडली आणि बसल्या. पोलीस धावले, त्यांना नेहमीचं वाक्य ऐकवलं. शेवटी मंत्री स्वतः गाडीतून उतरले आणि बाईंना विचारलं, तुमची मागणी काय?

"मागनी नाय, साहेब," बाई म्हणाल्या. "हा रस्ता मीच मागून आनला. तवा पानी कुठनं जाईल ते बघितलं नाय, ती चूक माझी. आता फोडा म्हंते, तर हुकूम द्यायला कोनी नाय. हुकूम तुमचा, बोल माझ्यावर."

मी गर्दीत पुढेच उभी होते. निवडणूक तोंडावर होती आणि तो रस्ता म्हणजे बाईंची सगळी कमाई. निवडून आलेल्या माणसाच्या तोंडून 'चूक माझी' हे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही फारसं नाही.

साहेबांबरोबरचे इंजिनिअर पुढे होऊन अंदाजपत्रकाचं काहीतरी सांगू लागले. बाई हलल्या नाहीत. मंत्री बाईंकडे बघून हसले. मनाने भले असतील, नाहीतर समोर कॅमेरे होते म्हणूनही असेल, मला काय त्याचं! म्हणाले, "फोडा. मी सांगितलं म्हणून लिहा."

तेव्हा बाई उठल्या. स्टूल पदराने पुसलं आणि मंत्र्यांपुढे ठेवलं. "बसा साहेब," म्हणाल्या, "पानी जाईस्तवर."

इतक्या वर्षांत त्या स्टुलावर दुसरं कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मंत्री गुडघे हनुवटीशी घेऊन बसले आणि बाई त्यांच्यावर छत्री धरून उभ्या राहिल्या.

जेसीबी आला. नेमकी नाल्यावरच ती कोनशिला होती. ड्रायव्हर थांबला आणि बाईंकडे बघू लागला. बाईंनी हातानेच खूण केली, चालव. शिला उलथली, भराव खचला आणि कोंडलेलं पाणी धाडधाड खाडीकडे सुटलं. चाळींच्या पत्र्यांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. आमच्या सासूबाई, एरवी शब्द न बोलणाऱ्या, गॅलरीत उभ्या राहून शेजाऱ्यांची थाळी बडवत होत्या. संध्याकाळी माझ्या घरातली फरशी दिसली. चिखलाने भरलेली होती, पण माझी होती. मी तिच्याकडे बघून रडले.

निवडणुकीत विरोधक बाईंचं 'चूक माझी' दारोदार सांगत फिरले. बाई आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आल्या. फोडलेल्या जागी मोठा पूल झाला, त्याच्या पाटीवर मंत्र्यांचं नाव आहे. बाईंनी काही ती पाटी पदराने पुसली नाही.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला मात्र त्या आठवतात पूल झाल्यावरच्या पहिल्या मोठ्या पावसातल्या. सकाळपासून धो धो कोसळत होता. सासूबाई वर जायला बोचकं बांधून तयार बसल्या होत्या. मी छत्री घेऊन पुलाकडे गेले. कठड्याशी बाई होत्या, त्याच लाल स्टुलावर, पाण्याकडे तोंड करून. म्हटलं, ताई, आता कोणापुढे बसलात?

त्यांनी खाली बोट दाखवलं. पुलाखालून सगळं पाणी खाडीकडे धावत होतं.

"त्याचं होऊ दे," म्हणाल्या. "मी बसते."

मी घरी आले आणि सासूबाईंना म्हटलं, बोचकं सोडा.