शिखराचं नाव ओरेशीन

स्तामेनकाका गेल्या आठवड्यात गेले. ओरेशीन गावातला शेवटचा माणूस.

ते पोस्टमन होते. पोस्ट बंद झालं, घरं रिकामी झाली, तरी ते रोज फाटकाफाटकाशी जात. आमच्याकडे माणूस गेला की काळ्या चौकटीत त्याचा फोटो छापून फाटकावर लावतात. वर्षाने नवा कागद. गाव सोडून गेलेल्यांच्या घरचे कागद काकाच लावत. पिठाची खळ आणि एक जुना ब्रश. "टपाल संपलं, वाटप चालू आहे," म्हणत.

मी राजधानीत, सोफियात, नकाशांच्या कचेरीत कारकून आहे. दक्षिण ध्रुवाकडच्या बिननावाच्या शिखरांना आम्ही आपल्या देशातल्या गावांची नावं देतो. दोन वर्षांपूर्वी यादीत एक शिखर उरलं. जेवायची वेळ झाली होती. साहेब म्हणाले, "टाक काहीतरी." मी डोळे मिटून गावांच्या यादीवर बोट ठेवलं; निघालं ओरेशीन. तसं गावाला कळवलं.

महिन्याने काकांचं बोलावणं आलं. मी गेले, तर प्रत्येक फाटकावर नवा कागद. चौकट काळीच; छापखान्याकडे दुसरी नव्हती. आत लिहिलेलं : शिखर ओरेशीन, ९८० मीटर.

काकांनी घेवड्याचं सूप वाढलं.

"पोरी, तिथे मेंढ्या चरतात का?"

"नुसता बर्फ आहे, काका."

"बरं झालं. नाहीतर राखायला मलाच धाडलं असतंत." मग त्यांनी चमचा खाली ठेवला. "इतकी गावं असताना आमचं नाव कुणी काढलं?"

"सगळ्यांनीच," मी म्हणाले. "एकमताने."

पुढे मी दर सुट्टीत जाऊ लागले. त्यांना वाटायचं, मायेने येते.

गेल्या ऑक्टोबरात त्यांचा मुलगा रादोय त्यांना आपल्या घरी, वार्ना शहरात न्यायला आला. बोचकी बांधून झाली होती. काकांनी ती सोडली. "जगाच्या टोकाला आपल्या नावाचा डोंगर, आणि गावात एक चूल पेटत नाही? शोभतं का?"

रादोयने मला फोन केला. "तुझं ऐकतात ते. सांग त्यांना, नुसतं नाव आहे म्हणून."

मी गेले. काकांनी अंगणातलं बाक रंगवलं होतं, नावं ठरवणाऱ्या समितीची माणसं आली तर बसायला. मी बाकाकडे बघत राहिले.

"लाकडं पुरतील ना, काका?" एवढंच विचारलं.

जानेवारीत रस्ता चार दिवस बंद होता. बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला ते आपल्या फाटकाशी सापडले, गारठून गेलेले.

काल आम्ही त्याच फाटकाशी उभे होतो. खळीची वाटी रादोयच्या हातात, काकांचा कागद माझ्या.

"शिखराच्या कागदाशेजारी लाव," तो म्हणाला. "त्यांना आवडलं असतं."

तेव्हा मी सांगितलं. जेवायची वेळ, मिटलेले डोळे, बोट.

त्याने ब्रश वाटीत ठेवला.

"ऑक्टोबरात आलीस, तेव्हा हे सांगता आलं असतं तुला?"

"हो."

त्याने माझ्या हातातून कागद घेतला आणि स्वतः लावला.