दोन विमानांच्या मधे

बेळगावला उतरलो, तेव्हा पुढच्या विमानाला बराच वेळ होता. शहापूरला साड्या बघायला मी रिक्षा केली, तर आमच्याच विमानातली एक निपाणीची मुलगी शेजारी येऊन बसली.

“मीबी तिकडंच, आक्का. मुलगा पसंत हाय, त्यांचं घर बघायचंय. घरातच साड्या विणून इकत्यात. सासूबाईंनी मला अजून बघितलं न्हाय.” ती सारखी ओढणी सावरत होती.

मुलाच्या घरात आम्ही गिऱ्हाईक म्हणूनच गेलो. त्याच्या आईनं माग थांबवून पाणी दिलं, साड्या उलगडून दाखवल्या. आम्ही काहीच घेतलं नाही, तरी चहा पाजला.

रिक्षात बसल्यावर मुलगी म्हणाली, “ओळख न्हाय, तरी एवढं केलं. मी कोण ते खरं सांगूनच येते.”

ती परत गेली. दारात पाया पडायला वाकली, तसं बाईंनी तिला मधेच धरून जवळ घेतलं.